काठावरचं नाव

ग्लेननं काकांना फसवलं.

इथल्या मराठी मंडळींत गेलं वर्षभर हे दबक्या आवाजात बोललं जातंय. मला दबका आवाज काढता येत नाही, म्हणून लिहून टाकतो. ग्लेन म्हणजे मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉयपासून अर्ध्या तासावर वर्कशॉप असलेला एक अमेरिकन माणूस. चार-पाचशे वर्षांपूर्वी युरोपातल्या चर्चमध्ये आणि राजवाड्यांत जी फुंकायची वाद्यं वाजायची, ती जुन्या पद्धतीनं नव्यानं बनवून विकणं हा त्याचा धंदा. काका म्हणजे पुण्याच्या तांबट आळीत पन्नास वर्षं हंडे, घागरी आणि बंब घडवलेले गृहस्थ, म्हातारपणी मुलीकडे मिशिगनला आलेले. ग्लेनच्या चार वाद्यांचे कर्णे, म्हणजे पुढची फुललेली तोंडं, काकांनी घडवले. ती चार वाद्यं आज एका विद्यापीठाच्या संग्रहालयात काचेआड उभी आहेत आणि चारींवर घडवणारा म्हणून नाव ग्लेनचं आहे.

काका आता नाहीत. मी आहे.

काकांशी माझी गाठ पडली ती माझ्या धंद्यामुळे. मी इस्लामपूरचा. एम.एस. करायला आलो, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागलो आणि तिसऱ्या वर्षी ले-ऑफ झालो. त्याच कंपनीनं मोडीत काढलेली दोन लेथ मी त्यांच्याच मॅनेजरशी भांडून उचलली आणि विकून दाखवली. तेव्हापासून बंद पडणाऱ्या कारखान्यांची यंत्रं घेतो आणि विकतो. मला कुणी हात दिला नाही, आणि मी कुणाकडे मागितलाही नाही. सौदा करताना समोरचा माणूस माझ्याआधी पाणी मागतो, अशी माझी ख्याती आहे. माझं डोकं लवकर तापतं अशीही आहे. दोन्ही खऱ्या आहेत.

काकांची मुलगी मीनल आयटीत आहे. गणपतीच्या कार्यक्रमात तिची ओळख झाली होती, तेवढीच. एक दिवस ती माझ्या गोडाऊनमध्ये आली आणि यंत्रांच्या रांगांमध्ये उभी राहून म्हणाली, "दादा, एक फेवर हवाय. बाबांना दुपारी इथे बसू द्याल? घरी ठोकठोक करतात. टाउनहाउसच्या असोसिएशनचं दुसरं लेटर आलंय."

"काय ठोकतात?"

"काहीही. परवा माझं सॅलडचं बोल ठोकलं. म्हणे, त्याला आकारच नव्हता."

"आता आहे का?"

तिनं क्षणभर विचार केला. "ॲक्च्युअली, आहे."

दुसऱ्या दिवशी काका आले. बुटकेसे, रुंद खांद्यांचे, उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली. अंगात जावयाचं भलंमोठं जॅकेट. हातात कापडी पिशवी आणि तिच्यात सहा हातोड्या. विमानतळावर त्या हातोड्यांवरून तासभर चौकशी झाली होती म्हणे, आणि काकांनी त्या अधिकाऱ्याला प्रत्येक हातोडीचं काम मराठीत समजावून सांगितलं होतं. त्यांनी गोडाऊनभर नजर फिरवली.

"सगळी यंत्रं मेलेली दिसतायत."

"मेलेली नाहीत काका, विकाऊ आहेत."

"एकच," म्हणाले, आणि उजेडाची जागा शोधत निघून गेले.

त्या दिवसापासून पुढची चार वर्षं ते माझ्याकडे होते. मी त्यांना भाड्यानं जागा दिली नाही आणि नोकरीही दिली नाही. ते होते, एवढंच. मोठ्या शटरजवळच्या कोपऱ्यात गोणपाटाची घडी टाकून बसायचे. खुर्ची दिली तर त्यावर डबा ठेवायचे. काम करताना पाय मोकळे लागायचे, कारण पत्रा धरायचं काम पायाची बोटं करायची. मिशिगनच्या थंडीत काँक्रीटच्या जमिनीवर! मी मोजे घालायला लावले तर त्यांनी मोज्यांची टोकं कापून टाकली. शेवटी मी छताला टांगायचा एक मोठा गॅस हीटर लावून घेतला, तो फक्त त्यांच्या डोक्यावर. यंत्रं बघायला येणारी गिऱ्हाइकं मशीन सोडून तिथेच उभी राहायची. काका मान वर न करता मला ओरडून सांगायचे, "शेठ, त्या लांबड्याला म्हणावं, सरक. उजेड अडतोय."

मला ते शेठ म्हणायचे. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मला कधी कळलं नाही.

त्यांचं सगळं काम कानावर चालायचं. ठोका नीट बसला की नाही हे ते बघायचे नाहीत, ऐकायचे. एखादा ठोका बद्द वाजला की "हं, इथे हवा आहे" म्हणून तिथेच चार हलके ठोके. मोजपट्टी त्यांच्याकडे नव्हती. मी एकदा हौसेनं चांगला डिजिटल कॅलिपर दिला. त्यांनी तो दोन दिवस दाराला अडसर म्हणून वापरला आणि परत केला. काम संपलं की चिंच आणि मीठ लावून पितळ घासायचे. माझ्या ऑफिसच्या फ्रिजमध्ये दुधाशेजारी कायम चिंचेचा गोळा असायचा. नंतर तर माझ्याकडचे गोरे कामगारसुद्धा आपल्या बेल्टची बकलं त्या चिंचेनं घासायला लागले.

आणि त्यांचं एक बोलणं माझ्यासाठी राखीव होतं. मी फोनवर कुणावर तरी खेकसत असलो की ठोकणं थांबवून म्हणायचे, "शेठ, पत्रा चिडलाय."

पितळ ठोकत गेलं की कडक होतं. आणखी ठोकलं की तडकतं. म्हणून मध्ये मध्ये ते लाल होईपर्यंत शेकायचं आणि निवू द्यायचं, म्हणजे पुन्हा मऊ पडतं. पत्रा कडक झाला की ते पत्रा चिडला म्हणायचे. "चिडलेल्या पत्र्याला मारू नये. शेकावं, सोडून द्यावं, चहा प्यावा. पत्रा पुन्हा माणसात येतो."

"आणि नाही आला तर?"

"तर तो पत्रा नव्हे, व्यापारी आहे."

ग्लेन आला तो एका ट्रॉम्बोनमुळे. काकांची नात शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवते. शाळेचाच भाड्याचा ट्रॉम्बोन तिनं ड्राइव्हवेवर पाडला आणि त्याचा कर्णा चेपला. मीनल घाबरली, काका खूश झाले. गोडाऊनमध्ये आणून त्यांनी तो तासाभरात असा सरळ केला की चेप कुठे होता ते सांगता येईना. बँडच्या शिक्षकानं तो हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला आणि विचारलं, हे कुणी केलं. तो शिक्षक ग्लेनचा मित्र होता.

ग्लेन पहिल्यांदा आला तेव्हा मला आवडला होता, हे मान्य करतो. पन्नाशीचा, मऊ बोलणारा, नखं काळी. कारागिराची नखं बघून मी भुलतो. त्यानं सोबत एक वाद्य आणलं होतं. आजच्या ट्रॉम्बोनचा खापरपणजोबा, नाव सॅकबट. तसंच पुढे-मागे सरकणारं, पण अंगानं सडपातळ आणि कर्णा निमुळता, धोतऱ्याच्या फुलासारखा. त्यानं माझ्या टेबलावर फोटो मांडले. चामडं गुंडाळलेला वाकडा लाकडी कॉर्नेट, आपल्या सनईची थोरली बहीण शोभेल असा शॉम, छत्रीच्या मुठीसारखा वळलेला क्रमहॉर्न. लाकडातलं सगळं त्याला जमत होतं. अडत होतं ते पितळ. जुन्या कारागिरांचे कर्णे हातानं ठोकलेले असायचे. ग्लेनचे कर्णे यंत्रावर फिरवून दाबलेले होते, आणि वाजवणारे म्हणत होते की सूर बरोबर आहेत पण आवाज मेलेला आहे.

काकांनी त्याचा सॅकबट हातात घेतला, कर्ण्यावर नखानं टिचकी मारली आणि कान लावला. पुन्हा टिचकी. मग परत दिला.

"काय म्हणाले?" ग्लेननं विचारलं.

"अजून काही म्हणाले नाहीत."

"ताटली आहे," काका म्हणाले. "जेवायला बरी."

मी तसंच भाषांतर करून सांगितलं. ग्लेन हसला नाही. त्यानं मान डोलावली. तेव्हाही मला तो आवडला.

पहिला कर्णा करायला काकांना सात आठवडे लागले, कारण त्यांनी तीन मोडले. पत्रा पंख्यासारखा कापायचा, दोन्ही कडा एकमेकींत दातांसारख्या अडकवायच्या, सांध्याला डाग द्यायचा आणि मग लोखंडी दांड्यावर चढवून ठोकत ठोकत तोंडाशी फुलवत न्यायचं. घागरीची मान ते झोपेत करू शकले असते, पण इथे पत्रा तोंडाकडे कागदासारखा पातळ हवा होता. तिसरा कर्णा फुटला तेव्हा मी म्हटलं, "काका, सोडा. आपलं काय अडलंय?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ऑफिसमध्ये जाऊन बसलो.

चौथा झाला. ग्लेननं गेज लावून जाडी मोजली आणि तोंड वाकडं केलं. इथे जास्त, तिथे कमी, एकसारखी नाही. काकांना मी ते सांगितलं.

"एकसारखी हवी असेल तर त्याला सांग, बाजारातून डबडं घे."

ग्लेननं तो कर्णा वाद्याला जोडला. ते वाजवायला त्याच्या ओळखीची एक बाई आली होती, विद्यापीठाच्या प्राचीन संगीताच्या गटातली. माझ्या गोडाऊनमध्ये, दोन मिलिंग मशीनच्या मध्ये उभं राहून तिनं ते वाद्य ओठांना लावलं. मला संगीतातलं काही कळत नाही. मला लिलाव कळतो. पण मी मोठमोठ्या लिलावांत माणसांचे चेहरे वाचत आलोय, आणि त्या बाईचा चेहरा मी वाचला. पहिला सूर काढून ती थांबली, वाद्य खाली घेऊन त्याकडे पाहिलं, पुन्हा लावलं आणि मग वीस मिनिटं थांबलीच नाही. आवाज मोठा नव्हता. कुणीतरी शेजारी बसून बोलावं तसा होता. पत्र्याच्या छताखाली तो सगळीकडे गेला. फोर्कलिफ्टवाल्यानं इंजिन बंद केलं.

ती वाजवत असताना काका चिंच कोळत होते. तिचं वाजवून झाल्यावर म्हणाले, "सांध्यापाशी अजून एक हात फिरवायला हवा होता."

मला त्या दिवशी जी छाती फुगल्यासारखी वाटली ती माझं पहिलं मशीन विकल्यावरही वाटली नव्हती. आमच्या गावाकडच्या नव्हे, आमच्या भाषेतल्या एका माणसानं, ज्याला सॅकबट हा शब्दसुद्धा उच्चारता येत नव्हता, युरोपातल्या मेलेल्या कारागिरांच्या हातातली गोष्ट हातोडीनं शोधून काढली होती. काका त्या वाद्याला "सरकती तुतारी" म्हणायचे. पुढे त्या गटाचे कार्यक्रम झाले, तिकिटं आली. काका एकाही कार्यक्रमाला गेले नाहीत. "तांबट हंडा करून देतो. पाणी प्यायला थांबत नाही."

मग ग्लेनला मोठी मागणी आली. विद्यापीठाच्या गटासाठी चार सॅकबटचा संच, एक लहान, दोन मधले, एक खर्जाचा. त्यानं काकांना विचारलं, काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं, आणि मी सौद्याला बसलो.

तो सौदा मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला सौदा समजत होतो. सतरा कलमं होती. काम माझ्याच गोडाऊनमध्ये होईल. हीटरचा गॅस ग्लेन भरेल. काकांच्या पाठीमागे कुणी उभं राहणार नाही. घाई करणार नाही. फुटलेला कर्णा कामाचाच भाग मानला जाईल. आणि त्यांचा किंवा त्यांच्या कामाचा फोटो, व्हिडिओ कुणी काढणार नाही. हे शेवटचं कलम काकांसाठी घातलं. त्यांना फोटोचा तिटकारा होता. म्हणायचे, "फोटो काढतो म्हटलं की हात थांबतो. थांबलेला हात माझा नव्हे." ग्लेन सगळ्याला हो म्हणत गेला. समोरचा सगळ्याला हो म्हणतो तेव्हा सावध व्हायचं असतं, हे मी नव्या पोरांना शिकवतो. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो.

चार कर्णे पुरे व्हायला दीड वर्ष गेलं. शेवटचा, खर्जाचा, झाला त्या दिवशी ग्लेन पितळेच्या चार अरुंद पट्ट्या घेऊन आला. कर्ण्याचं तोंड पातळ असतं, ते चेपू नये म्हणून त्याला बाहेरून पट्टी चढवून दुमडतात. काका तिला काठ म्हणायचे, लुगड्याच्या काठासारखा. ग्लेन मला म्हणाला, "जुन्या वाद्यांच्या या पट्टीवर नाव असतं. हे घालतील का?"

मी काकांना विचारलं, "काका, काठावर नाव घालाल?"

काका हसले. इतके मोकळे हसताना मी त्यांना क्वचित पाहिलंय. "अरे, अर्ध्या पुण्याची नावं घातलीत मी. कुणाचं घालायचंय?"

आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते तुम्हाला माहीत आहे. लग्नातलं तपेलं, मुंजीतला तांब्या. ज्यानं घेतलं त्याचं नाव, ज्याला दिलं त्याचं नाव, तिथी. टिंबटिंब करून बारीक ठोक्यांनी. घडवणाऱ्याचं नाव कुठल्याही भांड्यावर नसतं. तुमच्या आजीच्या कळशीवर तिच्या माहेरच्यांचं नाव असेल, पण ती कळशी कोणी ठोकली हे तुमच्या घरात कुणाला सांगता येणार नाही. पन्नास वर्षं काकांनी दुसऱ्यांची नावं घातली होती, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटण्याचं कारणच नव्हतं.

ग्लेननं खिशातून कागद काढला. टाइप केलेला, घडी घातलेला, तयार. त्यावर त्याचं नाव, गाव आणि साल.

काकांनी इंग्रजी अक्षरं बोटानं गिरवून पाहिली. "याचंच ना? बरोबर. भांडं ज्याचं, नाव त्याचं."

"काय म्हणाले?" ग्लेननं विचारलं.

"बरोबर आहे म्हणतायत," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. पूर्ण वाक्य सांगितलं नाही. कारण माझं लक्ष दुसरीकडे होतं. नाव घालण्याचं काम कराराबाहेरचं होतं, आणि त्याच्या बदल्यात मी ग्लेनकडून जर्मन पितळेचे दोन मोठे पत्रे काकांसाठी काढून घेत होतो. तो एकावर अडून बसला होता. मी दोन घेतले. काका चार दिवस मान खाली घालून टिंबं मारत बसले, आणि अशी सुबक अक्षरं काढली की छापल्यासारखी. मी रोज येऊन ती कौतुकानं बघत होतो.

त्या पत्र्यांची काकांनी एक घागर केली आणि मीनलला दिली. तिच्यावर मीनलचं नाव घातलं, नातीचं घातलं. स्वतःचं नाही.

पुढच्या हिवाळ्यात काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. हातोड्या मीनलनं मला दिल्या.

मग गेल्या वर्षी संग्रहालयाचं निमंत्रण आलं, मीनललाही आणि मलाही. तो चार सॅकबटचा संच आता संग्रहालयानं कायमचा ठेवून घेतला होता आणि उद्घाटन होतं. निमंत्रण पाठवणारा ग्लेनच. मी सूट घालून गेलो. मला वाटलं, काकांबद्दल दोन शब्द बोलायला सांगतील. मी मनात तयारीही केली होती.

दालनात मंद दिवे, मधोमध काचेचं कपाट. चारी कर्णे प्रेक्षकांकडे तोंड करून, काठ उजळलेले. मी जवळ गेलो आणि शेजारची पाटी वाचली. पाटीवर लिहिलं होतं की त्या काळी न्यूरेंबर्गचे कारागीर कर्ण्याच्या काठावर आपलं नाव आणि गाव कोरत. शतकं उलटली तरी वाद्य कुणी घडवलं हे आपल्याला त्या काठावरूनच कळतं. ही प्रथा पाळून या संचाच्या कारागिरानंही काठावर आपलं नाव घातलं आहे. मजकूर ग्लेनचा. खाली सही ग्लेनची.

शेजारी पडद्यावर फिल्म चालू होती. ग्लेन उभा राहून, कर्णा शिकंज्यात पकडून ठोकत होता. उभा राहून! ठोका कसाही पडत होता. मला तो बद्द आवाज ऐकू आला. चार वर्षं काकांच्या शेजारी राहून मला एवढं तरी कळायला लागलं होतं.

मी हाक मारली तेव्हा माझा आवाज मोठा होता. दालनातले सगळे वळले.

"ग्लेन, हे कुणी घडवलं?"

तो जवळ आला. "आपण बाहेर बोलूया."

"इथे बोल. हे कर्णे कुणी ठोकले?"

"दादा, प्लीज," मीनल माझी बाही ओढत म्हणाली. "सीन नको."

ग्लेन हळू आवाजात बोलला. तो नेहमीच हळू बोलतो. "ठोकले त्यांनीच. मी कधी नाकारलंय? पण वाद्य म्हणजे फक्त कर्णा नव्हे. नळ्या माझ्या, मापं माझी, जोडणी माझी. जुन्या कारखान्यांतही हाताखालची माणसं ठोकायची आणि नाव मालकाचं असायचं."

"ते तुझ्या हाताखाली नव्हते."

"आणि माझं नाव त्यांनी स्वतःच्या हातानं घातलं," तो म्हणाला. "तू तिथेच होतास. तूच म्हणालास, बरोबर आहे म्हणतायत. आणि त्याचे तू दोन पत्रे घेतलेस."

माझ्या धंद्याच्या एकवीस वर्षांत माझाच सौदा माझ्यावर पहिल्यांदा उलटला. सुरक्षारक्षकानं मला अदबीनं बाहेर नेलं. गाडीत मीनलनं बेल्ट लावला. मग म्हणाली, "बाबांना चाललं असतं, दादा. ही वुडन्ट केअर."

"चाललं असतं, कारण त्यांना माहीत नव्हतं. माणसानं जाणून दिलं तर दान. न कळत काढून घेतलं तर काय म्हणायचं?"

पण दुसऱ्या दिवशी तिनंच मला संग्रहालयाच्या संचालकांचा पत्ता पाठवला.

मी तीन पत्रं लिहिली. उत्तर सभ्य आलं. वस्तूवरचं नाव आणि कारागिराचं निवेदन यावरून आम्ही नोंद करतो. आपल्याकडे काही पुरावा असल्यास, म्हणजे छायाचित्र, चित्रफीत किंवा करार, जरूर पाठवावा. फोटो नाही, कारण मीच कलम घातलं होतं. करार आहे. सतरा कलमांचा. त्यात गॅसचं बिल आहे, पाठीमागे उभं न राहणं आहे. नाव कुणाचं, हे नाही. मी ते कलम मागितलंच नव्हतं. ग्लेन त्यालाही हो म्हणाला असता की नाही, हे आता कळणार नाही, आणि ते मला झोपू देत नाही. ती वाजवणारी बाई मात्र साक्ष द्यायला तयार आहे. तिनं लिहून दिलंय की पहिला कर्णा तिनं माझ्या गोडाऊनमध्ये, चिंच कोळणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांसमोर वाजवला, आणि हात त्यांचाच होता. मी ते पत्र संग्रहालयाला पाठवलंय. विचार चालू आहे म्हणतात.

संग्रहालयाचं संग्रहालय बघेल. माझं काम ग्लेनशी आहे. हे मी मराठीत लिहिलंय, कारण आधी आपल्या लोकांना कळायला हवं की तांबट आळीच्या एका माणसाचा हात अमेरिकेत काचेआड उभा आहे. पण हेच मी इंग्रजीत करून त्याला रजिस्टर्ड पोस्टानं पाठवणार आहे.

ग्लेन, नळ्या तुझ्या, मापं तुझी, जोडणी तुझी. मान्य. कारखान्यांच्या जुन्या चालीरीती मला शिकवू नकोस, मी कारखाने विकत घेतो. मला एकच गोष्ट सांग. खिशातून तो कागद काढलास तेव्हा त्या काठावर कुणाचं नाव असतं हे तुला ठाऊक होतं. ती पाटी तूच लिहिलीस, तेव्हा ते नाकारू नकोस. समोर बसलेल्या म्हाताऱ्याला ते ठाऊक नाही, हेही तुला दिसत होतं का? दिसत होतं, तर तू बोलला का नाहीस? तारीख तू ठरव. त्या कपाटासमोर ये आणि लोकांदेखत हो की नाही ते सांग. मी अर्धं भाषांतर का केलं याचं उत्तर मीही तिथेच देईन, मीनलकडे बघून देईन.

पण आधी तू.